नव्वद टक्के झालेला पूल आणि बांबूची शिडी

पत्र:

"सर, मी कोल्हापूर जिल्ह्यात एका सरकारी बांधकाम खात्याच्या उपविभागात कनिष्ठ अभियंता आहे. नोकरीला तीन वर्षं झाली. सध्या माझ्याकडे दोन कामं आहेत: आरोग्य उपकेंद्राची ८० लाखांची इमारत आणि शिरोळ तालुक्यातला एक गावरस्ता. दर महिन्याच्या आढावा बैठकीत एकच विचारतात, खर्च किती टक्के झाला? उपकेंद्राच्या बारा महिन्यांपैकी आठ महिने संपले आणि खर्च ६५ टक्के झाला, म्हणून ते काम तक्त्यात हिरव्या रंगात आहे. प्रत्यक्षात स्लॅब पडल्यापासून ठेकेदाराची माणसं आठवड्यातून दोन दिवस येतात. मागच्या बैठकीत मी खरी स्थिती सांगितली तर सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. शेजारच्या सेक्शनच्या सहकाऱ्याचं काम तसंच अर्धवट आहे, पण त्यानं ८० टक्के सांगितले आणि त्याचं कौतुक झालं. ठेकेदाराला टोकलं तर म्हणतो, 'मॅडम, आधी माझं मागचं बिल काढा.' तो गावातला वजनदार माणूस आहे. माझा कार्यमूल्यमापन अहवाल याच टक्केवारीवर लिहिला जाणार. खरं लिहून शेरा खराब करून घेऊ, की सगळे करतात तसं करू? मासिक तक्ता सोबत जोडला आहे. — एक कनिष्ठ अभियंता"

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून माझी जुनी डायरी काढली. एक नोंद शोधायची होती.

नोकरीच्या पाचव्या वर्षी माझ्याकडे एका ओढ्यावरचा पूल होता. गावाचं आणि खात्याचं नाव इथे घेत नाही. मार्च एंडला मी माझ्या हातानं अहवालात लिहिलं: काम नव्वद टक्के पूर्ण. आकडा खोटा नव्हता. दोन्ही अबटमेंट, म्हणजे टोकाचे आधार, उभे होते, मधला पिअर म्हणजे खांब झाला होता, स्लॅब पडला होता, कठडेसुद्धा बसले होते. बिलही तेवढं निघालं होतं. राहिले होते फक्त दोन्ही बाजूंचे पोहोच रस्ते, कारण एका शेतकऱ्याची बारा गुंठे जमीन ताब्यात आली नव्हती. पावसाळा संपल्यावर दुसऱ्या कामावरून परतताना तिकडे वळलो. गावकऱ्यांनी अबटमेंटला बांबूची शिडी लावली होती. एक बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन ती शिडी चढत होती. एक हात भाऱ्याला, एक हात बांबूला. वरच्या पायरीची सुंभाची गाठ सैल झाली होती, पाय पडला की करकरायची. ती वर पोचली, भारा कठड्याला टेकवून दम घेतला, आमच्या पुलावरून चालत गेली आणि पलीकडच्या टोकाला दुसऱ्या शिडीनं उतरायला लागली. त्या पुलाला आणखी दोन वर्षं रस्ता मिळाला नाही. त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात शेरा आहे, 'उद्दिष्टपूर्ती समाधानकारक'.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आकडा फुगवू नका. पण भर बैठकीत उभं राहून खरी स्थिती तोंडी सांगायचंही बंद करा. त्यानं काम इंचभर पुढे सरकत नाही, साहेब त्यांच्या साहेबांसमोर अडचणीत येतात आणि तुम्ही एकट्या पडता. खरं सांगायला कागद लागतो आणि तो बैठकीच्या आधी टेबलावर पोचलेला असावा लागतो. तो कसा करायचा हे तुमच्याच तक्त्यावरून दाखवतो, कारण तुम्ही जोडलेल्या तक्त्यात सगळं आहे, फक्त एका ओळीत आणलेलं नाही.

ठेका ८० लाखांचा. आतापर्यंत दिलेले पैसे ५२ लाख. भागाकार केला की ६५ टक्के. मुदत बारापैकी आठ महिने, म्हणजे ६७ टक्के. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की काम अगदी वेळेत चाललंय असं वाटतं. पण त्या ५२ लाखांत काय काय आहे ते बघा. काळी माती निघाली म्हणून पाया खाली न्यावा लागला, त्याचे ६ लाख. साइटवर आणून ठेवलेल्या सळईवर दिलेलं अग्रिम ४ लाख. सळई अजून शेडमध्ये पडून आहे. पाया खोल गेला ते बरोबरच केलंत, पण त्यानं इमारत ठरल्यापेक्षा पुढे गेली नाही. हे १० लाख वजा करा. मूळ निविदेतलं जे काम खरोखर उभं राहिलं त्याची किंमत ४२ लाख, म्हणजे साडेबावन्न टक्के. आणि ठेकेदारानं स्वतः सही करून दिलेल्या बार चार्टप्रमाणे (कुठलं काम कधी, याचा तक्ता) आठव्या महिन्याअखेर किती व्हायला हवं होतं? ५६ लाखांचं. बेचाळीस भागिले छप्पन्न, पाऊण. रुपयाचं काम ठरलं होतं, बारा आण्यांचं झालं.

प्रकल्प व्यवस्थापनात याला 'अर्न्ड व्हॅल्यू' म्हणतात. नियोजित कामाची किंमत, झालेल्या कामाची किंमत आणि झालेला खर्च हे तीन आकडे वेगवेगळे धरायचे, एवढंच त्याचं सूत्र. आपल्या आढावा तक्त्यात यातला मधला आकडाच नसतो. खर्चाच्या रकान्याचीच नक्कल भौतिक प्रगतीच्या रकान्यात उतरते. वर्षानुवर्षं हे चालू आहे आणि आपल्या खात्यांचं सगळ्यात मोठं नुकसान यानं केलं असं माझं ठाम मत आहे. खर्च मोजला की खर्च होतो. पाया, आरसीसी, स्लॅब ही जड रकमेची कामं आधी येतात, बिलं झटपट निघतात. नळ, शौचालय, वायरिंग, फरशी, रंग यांत पैसा थोडा आणि कटकट फार. म्हणून ठेकेदार स्लॅबनंतर पातळ होतो. तुमच्या ठेकेदाराची माणसं आठवड्यातून दोनच दिवस का येतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेल्या अर्ध्याकडे नंतर येतो.

साडेबावन्न टक्क्यांवरही समाधान मानू नका, कारण माझ्या पुलाचे नव्वद टक्केही याच पद्धतीनं आले असते. रुपयांनी मोजलं की शेवटचं थोडं काम नेहमी हलकं दिसतं. त्याला उपाय म्हणून मी पुढे एक रीत पाळली. कामाचे पाच-सहा टप्पे पाडायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं आणि टप्पा पुरा झाल्याशिवाय त्याचा एकही गुण धरायचा नाही. तुमच्या इमारतीला मी जोत्यापर्यंत २०, स्लॅबपर्यंत २५, भिंती आणि गिलाव्याला २०, पाणी-वीज-शौचालयांना २० आणि आरोग्य खात्याच्या ताब्यात देण्याला १५ असे गुण देईन. भिंती अर्ध्या झाल्यात? मग शून्य. आज तुमचे गुण ४५. हा आकडा खात्याच्या तक्त्यात घालायचा नाही, तुमच्या वहीत ठेवायचा. पण महिन्याकाठी तो हलला नाही की काम थांबलंय हे तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळेल.

हे पुस्तकी वाटत असेल तर कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोरची गोष्ट घ्या. काळम्मावाडी धरणातून कोल्हापूर शहराला पाणी आणणारी थेट पाईपलाईन. २०१४ साली काम सुरू झालं. सुमारे ५३ किलोमीटर पाईप टाकायचा होता आणि त्यातला बराचसा खूप आधी जमिनीत गेला. किलोमीटरनं मोजलं तर योजना वर्षानुवर्षं 'जवळपास पूर्ण'. पण पाणी उचलायचं ते धरणातल्या जॅकवेलमधून, म्हणजे उपशाच्या विहिरीतून, आणि तिथलं काम धरणाची पातळी खाली गेल्यावर वर्षातले थोडेच महिने करता यायचं. एक हंगाम हुकला की वर्ष गेलं. पाणी शहरात आलं ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. अशा कामात रोज विचारायचा प्रश्न 'किती किलोमीटर झाले' हा नसतो, 'जॅकवेलचं या हंगामात काय झालं' हा असतो. प्रत्येक कामात असा एक जॅकवेल असतो. तुमच्या उपकेंद्रातला कुठला, ते शोधा. मला त्याची एक शंका आहे, शेवटी सांगतो.

आता विलंबाचं कारण. काम मागे पडलं एवढं म्हणून भागत नाही, ते कोणामुळे पडलं हे लिहावं लागतं. पंचगंगेवरचा शिवाजी पूल आठवा. शेजारचा नवा पूल बहुतांश बांधून झाला आणि पुरातत्त्वाच्या कायद्यामुळे अडकून पडला, कारण ब्रह्मपुरीची संरक्षित पुरातन टेकडी जवळ. तो तसाच उभा असताना २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलावरून मिनीबस नदीत कोसळली आणि १३ माणसं गेली. अशा विलंबात ठेकेदाराला दंड करून काय साधणार? तिथे ज्याच्या टेबलावर परवानगीचा कागद आहे त्याच्या नावापुढे रोजचा दिवस मोजला पाहिजे. आपल्या आढाव्यात ठेकेदाराचे दिवस मोजतात, खात्याचे कोणी मोजत नाही.

यासाठी साधन आहे, नवं काही नको. हिंडरन्स रजिस्टर, म्हणजे अडथळ्यांची नोंदवही. बहुतेक उपविभागांत ते मुदतवाढीचा प्रस्ताव करताना एका बैठकीत, एकाच पेनानं, मागच्या तारखा टाकून भरलं जातं. वाचणाऱ्याला शाई बघूनच कळतं. तुम्ही ते त्या त्या दिवशी भरा. अडथळा कधी सुरू झाला, कधी संपला, कोणामुळे, आणि खाली ठेकेदाराच्या प्रतिनिधीची सही. दोन अडथळे एकमेकांवर आले तर दिवस दोनदा धरायचे नाहीत. समजा ३ ते १४ ऑगस्ट पुरानं रस्ता बंद होता, ते १२ दिवस. विजेचा खांब हलवायचा होता, १० ऑगस्ट ते १५ सप्टेंबर, ते ३७ दिवस. बेरीज ४९ येते, पण पाच दिवस दोन्हीकडे आलेत, म्हणून मिळणार ४४. आणि निविदेत मुदत 'पावसाळ्यासह' लिहिली असेल तर साधा पाऊस हा अडथळाच नाही. कोल्हापुरात पाऊस पडणार हे ठेकेदाराला निविदा भरताना माहीत असतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. पाणी त्याच्या वर जाऊन तुमच्या साइटचा रस्ता बुडाला तर ती गोष्ट वेगळी. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच कित्येक दिवस बंद होता, तेव्हा कोणाची खडी कुठे पोचणार? त्या दिवसाची बंधाऱ्यावरची पातळी रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. दोन वर्षांनी ऑडिटला तेवढी ओळ पुरते.

ठेकेदाराकडे वळू. तुमचा करार बी-१ नमुन्याचा, म्हणजे राज्यातल्या सरकारी बांधकाम ठेक्याच्या ठरावीक नमुन्याचा असणार. त्यातलं दुसरं कलम सावकाश वाचा. पाव मुदतीत पाव काम, अर्ध्या मुदतीत अर्धं, पाऊण मुदतीत पाऊण, हे बंधन ठेकेदारानं सही करून स्वीकारलेलं असतं. ते मोडलं तर दिवसाला अंदाजपत्रकी किमतीच्या एक टक्का किंवा अधीक्षक अभियंता ठरवतील ती त्याहून कमी रक्कम, जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत. तुमच्या ठेकेदाराची पाऊण मुदत पुढच्या महिन्यात संपते. तेव्हा ६० लाखांचं काम हवं, आणि आज उभं आहे ४२ लाखांचं. नोटीस काढायचा अधिकार तुमचा नाही, कार्यकारी अभियंत्यांचा आहे, म्हणून त्या वजनदार माणसाशी तुम्ही एकट्यानं भांडायची गरजही नाही. तुमचं काम साइट ऑर्डर बुकात, म्हणजे ठेकेदाराला द्यायच्या सूचनांच्या वहीत लिहिण्याचं. 'काम संथ आहे, वेग वाढवावा' असं लिहू नका, असल्या वाक्याला कोणी विचारत नाही. लिहा, 'आज गवंडी दोन, बिगारी तीन. बार चार्टप्रमाणे गवंडी सहा हवेत. पश्चिमेकडच्या दोन खोल्यांचा आतला गिलावा २० तारखेपर्यंत पूर्ण करावा.' खाली त्याच्या सुपरवायझरची सही घ्या. अशा चार नोंदी झाल्या की उपअभियंत्यांना पत्र काढायला आधार मिळतो आणि त्या पत्रावर कार्यकारी अभियंत्यांना नोटीस. कलमाचा बडगा पहिल्या दिवशी दाखवणारे अभियंते मी पाहिलेत. त्यांची कामं जास्त रखडली.

आणखी एक बारकावा, जो मला फार उशिरा कळला. मुदत संपून गेल्यावर नुसती मुदतवाढ देऊन मोकळं झालं की दंडाचा हक्क बहुधा हातचा जातो. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याचं ५५ वं कलम सांगतं की उशिरानं झालेलं काम स्वीकारताना भरपाईचा हक्क राखून ठेवल्याचं त्याच वेळी कळवलेलं असलं पाहिजे. तेव्हा मुदतवाढीच्या प्रस्तावात 'दंडाचा हक्क अबाधित ठेवून' हे शब्द आहेत ना, ते बघत जा.

पण ठेकेदार म्हणतो ते 'आधी माझं बिल काढा' हवेत सोडून देऊ नका. ते उरलेलं अर्धं उत्तर आहे. राज्यात ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरलेले आपण सगळ्यांनी बघितलेत. ज्याचे पैसे अडकलेत तो मिस्त्रीला उचल कुठून देणार, आणि उचल नाही तर मिस्त्री दुसऱ्याच्या साइटवर जाणार. केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या खात्यांना सूचना काढली की चालू बिलाची ७५ टक्के रक्कम सादर झाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत द्यावी आणि उरलेली तपासून २८ कामाच्या दिवसांत. ती सूचना केंद्राच्या कामांसाठी आहे, आपल्याकडे निधी आला तर बिल. पण हिशेब लावून बघण्यासारखी मोजपट्टी आहे. त्याच्या मागच्या बिलाचा प्रवास तारखांनी लिहा. त्यानं मोजमाप घ्या म्हणून कधी सांगितलं, तुम्ही कधी घेतलं, एम.बी. (मोजमाप पुस्तक) कधी लिहिली, उपअभियंत्यांनी कधी तपासली, विभागात कधी गेली, निधी कधी आला. यातले तुमच्या टेबलावरचे दिवस किती? मला वाटतं दहा-पंधरा तरी निघतील. मनावर घेऊ नका, माझे एकदा चाळीस निघाले होते. ते आधी कमी करा. ज्या आठवड्यात काम पुरं त्याच आठवड्यात मोजमाप, हा तुमचा शब्द त्याला द्या आणि पाळा. निधी येणं तुमच्या हातात नाही हे त्यालाही ठाऊक असतं. पण मॅडम एम.बी. अडवत नाहीत हे एकदा गावात पसरलं की तुमच्या बोलण्याला त्याच्या वजनाइतकंच वजन येतं.

मात्र एम.बी. लवकर लिहायची म्हणजे न मोजता लिहायची असं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. मार्चमध्ये हे सुचवलं जातंच. 'गिलावा दोन दिवसांत होतोय, आजच चढवा.' त्या पानावर सही तुमची असते, सुचवणाऱ्याची नसते.

गुणवत्तेवर तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी चार शब्द. प्रगतीच्या आकड्यात दर्जा मिसळला नाही तर तो आकडा लबाड होतो. स्लॅबचे क्यूब, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायचे ठोकळे, तुमच्यासमोर भरले होते का? काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे १६ ते ३० घनमीटर काँक्रीटला तीन नमुने लागतात, आणि एका नमुन्यात तीन क्यूब. साच्यातलं काँक्रीट ओलं असतानाच त्यावर खिळ्यानं तारीख आणि स्लॅबचा भाग कोरायचा, आपल्या हातानं. दुसऱ्यानं रंगानं लिहिलेला क्यूब कुठल्या स्लॅबचा हे सांगता येत नाही. २८ दिवसांचा निकाल हातात येईपर्यंत मी स्लॅबच्या टप्प्याचे पंचवीस गुण वहीत शिसपेन्सिलीनं लिहीत असे, निकाल आला की शाईनं.

शिरोळच्या रस्त्याचं थोडक्यात सांगतो. काळ्या मातीतला रस्ता डांबरानं टिकत नाही, गटारीनं टिकतो. उसाला पाणी पाजलं की पाटाचं पाणी साईडपट्टीवर येतं, पाया ओला होतो आणि मग दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गळीत हंगामभर त्यावरून जातो. तुमच्या तक्त्यात कारपेटचे, म्हणजे वरच्या डांबरी थराचे, किलोमीटर आहेत, पण साईड गटर आणि मोऱ्यांचा रकानाच नाही. तो घाला. काम संपलं की दोषदायित्वाचा काळ, म्हणजे निघालेले दोष ठेकेदारानं स्वतः दुरुस्त करून द्यायचा काळ, सुरू होतो, आणि बहुतेकांच्या लेखी तिथे काम संपतं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ठेकेदारावर पाच वर्षांची देखभाल असते, आणि आता त्या देखभालीचे पैसे ई-मार्ग या ऑनलाइन प्रणालीत रस्त्याची तपासणी करून, स्थिती बघून दिले जातात. खड्डे तसेच राहिले तर पैसे कापले जातात. किती खडी टाकली हे तिथे मोजत नाहीत, रस्ता कसा आहे ते मोजतात. तुमचा रस्ता त्या योजनेतला नसला तरी हीच नजर ठेवा. दरवर्षी पाऊस उघडल्यावर एकदा आणि गळीत हंगाम संपल्यावर एकदा पायी चालून या, साखळी क्रमांकासह (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) फोटो काढा. अनामत परत करायची फाइल येईल तेव्हा फक्त तुमच्याकडे बोलायला काहीतरी असेल.

आता बैठक. तिच्या दोन दिवस आधी उपअभियंत्यांना एक पानाची टिप्पणी द्या, आणि एकांतात द्या. त्यात खर्चाची टक्केवारी खात्याला हवी तशीच पहिल्या ओळीत असू द्या, लपवू नका. पुढे साधारण असं लिहा: "खर्च ६५ टक्के. पैकी वाढीव पाया ६ लाख व साहित्य अग्रिम ४ लाख वगळता मूळ बाबींची प्रगती ५२.५ टक्के. बार चार्टप्रमाणे अपेक्षित ७० टक्के. पाऊण मुदत पुढील महिन्यात संपते. पाणी, वीज व शौचालयांची कामे सुरू नाहीत. ठेकेदाराचे मागील बिल प्रलंबित. कार्यकारी अभियंत्यांकडून हव्या असलेल्या दोन गोष्टी: बिलासाठी निधीची मागणी व कलम दोनखाली नोटीस." बघा, यात तुम्ही कोणावर ठपका ठेवलेला नाही आणि साहेबांना त्यांच्या साहेबांसमोर बोलायला मुद्दा दिलाय. मागच्या बैठकीत तुम्ही फक्त वाईट बातमी दिली होती. अधिकारी वाईट बातमीवर चिडतात, त्यातही ती सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकावी लागली तर जास्तच. टिप्पणीची पोच घ्या. एकदा देऊन फरक पडला नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा द्या, आकडे बदलून.

शेजारच्या सहकाऱ्याशी तुलना सोडा. त्याचे ८० टक्के डिसेंबरमध्येही ८० च असतील तेव्हा त्याला उत्तर द्यावं लागेल. ती वेळ त्याच्यावर यावी असं मला वाटत नाही. जमलं तर त्यालाही ही टप्प्यांची रीत दाखवा.

तुमच्या अहवालाची काळजी मला समजते. नोकरी नवी, बदली-बढती सगळं त्यावर. स्वयंमूल्यमापनाचा भाग तुमच्या हातात आहे आणि बहुतेक जण तो शेवटच्या दिवशी 'सोपवलेली कामे वेळेत पार पाडली' असं लिहून संपवतात. तुम्ही तारखा लिहा: मोजमापाला सरासरी किती दिवस लागले, साइट ऑर्डर बुकात किती नोंदी, त्यांतल्या किती ठेकेदारानं पुऱ्या केल्या, अडथळे किती आणि त्यांपैकी किती तुमच्या पाठपुराव्यानं सुटले. प्रतिवेदन अधिकाऱ्याला, म्हणजे तुमचा अहवाल लिहिणाऱ्या साहेबांना, त्या विरोधात लिहायचं झालं तर कारण द्यावं लागेल. आणि समजा खराब शेरा आलाच, तर तो तुम्हाला कळवणं बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली देव दत्त खटल्यात सांगितलंय की नुसता प्रतिकूलच नाही, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, म्हणजे त्याविरुद्ध दाद मागता येते. तेव्हा पोचा, टिप्पण्या आणि रजिस्टरच्या झेरॉक्स घरी एका फाइलीत ठेवा. या फाइलीनंच मला दोनदा वाचवलंय.

राहिली ती शंका. तुमच्या तक्त्यात बोअर मारल्याची नोंद फेब्रुवारीची आहे, पण मोटरीच्या आणि इमारतीच्या वीज कनेक्शनचा कुठेच उल्लेख नाही. कनेक्शनचा अर्ज इमारतीच्या नावानं कोणी करायचा, आपल्या खात्यानं की आरोग्य खात्यानं, यावर अशी कामं सहज तीन-चार महिने बसून राहतात, आणि ठेकेदारालाही पुढचं वायरिंग न करायला निमित्त मिळतं. उपकेंद्राला वीज नसेल तर लसी ठेवायचा फ्रिज चालणार नाही, मग आरोग्य खातं इमारत ताब्यातच घेणार नाही. सोमवारी साइटवर जायच्या आधी वीज कंपनीच्या उपविभागात जा आणि कनेक्शनच्या खर्चाचं कोटेशन निघालंय का, भरलंय का, एवढं विचारून या. निघालं नसेल तर त्याच दिवशी हिंडरन्स रजिस्टरमध्ये पहिली ओळ तीच लिहा, आणि 'कोणामुळे' या रकान्यात खरं ते लिहा.